सात मिनिटं पुढे

रुद्राप्पा हडपद म्हणाला,
दहा सेकंद थांब. बोलू नकोस.
खानापूरच्या लसीच्या खोलीत
काडेपेटीएवढी पांढरी डबी टेबलावर
आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत,
मांजर बिळाकडे बघतं तसे.

मग हिरवा ठिपका.
आला, गेला.
"बघितलीस? श्वास घेऊलालंय की ते."

कागदाच्या एका अंगाला कन्नड, दुसऱ्या अंगाला इंग्रजी,
मधल्या कोऱ्या पट्टीत मी पेन्सिलीनं मराठी लिहीत गेले:
हिरवा एकदा, नोंद चालू.
हिरवा दोनदा, सुरू व्हायची वाट बघतंय.
पिवळा, सेल म्हातारा झाला.
लाल.
लालपाशी तो थांबला, चष्मा पुसला.
"लाल म्हणजे आत्ता आग लागली असं नाही.
आत्ता आत चार डिग्री असेल, छान गार.
पण मागं कधीतरी पोळलंय ते,
आणि तू येऊन विचारेपर्यंत विसरणार नाही."

आणि काहीच लागलं नाही तर?
"मग तू आहेस, पेटी आहे आणि रस्ता आहे."

घड्याळाचं वेगळंच.
सेल काढला की बिचारं
एक जानेवारी दोन हजारला जाऊन बसतं,
रात्री बारा वाजता, दर वेळी तिथंच.
(मी तेव्हा जांबोटीच्या शाळेत चौथीला,
पाढ्यांत सतराशी अडलेली.)
तिथून त्याला हाताला धरून आणायचं:
साल, मग महिना, मगच तारीख.
"उलटं घातलीस तर सात मार्चचं तीन जुलै होतंय,
आणि न आलेल्या पावसाळ्यातली लस
तू उन्हात टोचलीस असं कागद म्हणतो."
मी महिना घातला. तारीख घातली.
तास-मिनिटं मनगटावर बघून.

आमगावला काजूच्या मोहोराचा वास,
तांबड्या धुळीनं निळी पेटी विटकरी झालेली.
फोंडू गावड्याचा नातू दंड धरून भोकाड पसरलेला,
मी डबी त्याच्यासमोर धरली: मोज, आता दिवा येईल.
ओंदु, एरडु, तीन, चार,
पाचाला हुंदका, सहा चुकला,
नऊला तो रडायचं विसरला
आणि दहाला हिरवा.
परत, म्हणाला.

महिन्याभरानं बेळगावहून डॉक्टर चिक्कमठ आले,
आलेखाची रेघ आणि माझं रजिस्टर शेजारी ठेवून.
"पेटी फ्रिजमध्ये ठेवली चार दहाला. तुमचंच अक्षर.
डबी म्हणते, गारवा लागला चार सतराला.
सात मिनिटं पेटी कुठं होती, सिस्टर?"

रजिस्टरमध्ये वेळ भिंतीवरच्या घड्याळाची.
मी भिंतीकडे पाहिलं, मग खाली,
आणि कानांपर्यंत गरम झाले.
"माझ्या मनगटावर, सर."

कणकुंबीची बस फाट्यावर कधीच वेळेत सुटत नाही,
आधी सुटते.
तीन वेळा तिची धूळ खाल्ल्यावर
मी घड्याळ सात मिनिटं पुढे केलं
आणि रोज स्वतःलाच फसवत बस धरत राहिले.
ते फसवणं मी माझ्या हातानं डबीत भरलं होतं,
आणि तिनं ते एकही सेकंद न सांडता
दर दहा मिनिटांनी, महिनाभर, इमानानं लिहून ठेवलं.

डॉक्टर हसले नाहीत. शेरा लिहिला, सही केली.
रुद्राप्पा मात्र फ्रिजमागं तोंड घालून
उगाच नट आवळत राहिला,
त्याचे खांदे हलत होते.

संध्याकाळी फोनवर बघून डबी पुन्हा लावली.
दहा सेकंद थांबले. हिरवा.
मनगटाला हात लावला,
किल्ली ओढली,
आणि तशीच आत ढकलली.
पाच पन्नास झाले होते,
म्हणजे पाच त्रेचाळीस,
म्हणजे पळायला हवं.